दोन उत्तरांची जागा

यंत्रात दोन्ही हात गेल्यापासून बाबांना कुणीतरी भरवावं लागतं. मी बनवलेला कृत्रिम हात तोंडाशी नेताना एका जागी अडकतो. तिथे कोपर किती वाकवायचं हे ठरवणाऱ्या समीकरणांची दोन उत्तरं एकाच बिंदूत येऊन मिळतात, आणि संगणक दर फेरीला त्या बिंदूपर्यंतचं उरलेलं अंतर फक्त निम्मं करतो.

हात टेबलावर होता, बॅटरी काढलेली. मी संगणकावर नुसतं गणित चालवून आकडे वाचत होते.

"चार मिलिमीटर. दोन."

"माझ्यासारखाच रेंगाळतो गं हा," बाबा हसले. मग त्यांनी रिकाम्या उजव्या बाहीकडे पाहिलं. "गेलेल्या बोटांना ऊब लागतेय."

"भास असतो तो, बाबा. एक. अर्धा."

"समोरूनही कुणीतरी हात पुढे करतंय."

थांबावंसं वाटलं, पण हे गणित सुटलं की बाबा स्वतःच्या हाताने जेवणार होते. मी पुढची फेरी चालवली.

"धरला," बाबा म्हणाले, आणि त्यांची रिकामी उजवी बाही हळूहळू समोर ताणली गेली.