ओट्यावरची कंपनी

सकाळपासून बाबा हॉलमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होते. बाबांसकट शहरातल्या सगळ्या डिलिव्हरीवाल्यांनी संप करून ॲप बंद ठेवलं होतं. पार्सल पोचवायला थोडा जास्त वेळ द्या, एवढंच मागणं! त्या घाईपायी बाबांचा दोस्त पाय मोडून घरी बसलाय. पण बोलणार कुणाशी? साहेब कुणी पाहिलाय? शेवटी बाबांनी ॲपच्या मदत-चॅटवर लिहिलं, ‘आमच्याशी बोला.’

आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर आईचा लॅपटॉप टिंग वाजला. कारण त्या चॅटला कंपनीच्या वतीने उत्तरं देते कोण? आमची आई!

“गैरसोयीबद्दल क्षमस्व,” बाबांनी मोठ्यानं वाचलं. “अगं, मला क्षमस्व?”

“तयार वाक्यंच दिलीत हो. माझ्या मनाचं लिहिलं तर उद्या मलाच काढतील.”

“वा! उद्या मला काढलं तरी क्षमस्वच लिही!”

मी मधल्या दारात. टेनिसची मॅच बघावी तशी मान इकडून तिकडे.

बाबांनी पुन्हा लिहिलं, ‘दोस्ताच्या पायाचं काय?’

टिंग. आत आई फोनवर कुजबुजत होती, “हो गं. तूही बंद करतेस? आणि चॅटवरच्या बाकीच्या? नक्की ना?”

मग बाबांचा फोन वाजला. ‘सध्या आमचा एकही प्रतिनिधी उपलब्ध नाही.’

“बघ, पळाले!” बाबा ओरडले.

आई लॅपटॉप मिटून बाहेर आली आणि सोफ्याशी उभी राहिली.

“पळालो नाही, आलोय. सरका जरा.”