उजवा पाय

तिसरं मिनिट

"पुन्हा लाव," ताई म्हणाली.

काचेपलीकडे बसून दिग्दर्शकाच्या मेहुण्याने चित्र मागे नेलं. पडद्यावर तळघर. चाळीस माणसं बेंबीच्या देठापासून ओरडतायत, पण मुकी. मधोमध दोघे एकमेकांभोवती फिरतायत. एक हिरो. दुसरा ताईचा धाकटा भाऊ.

सगळं युनिट त्याला रबर म्हणायचं. कसाही पाडा, टुणकन उठायचा.

रबरला जाऊन दोन महिने झाले होते. शूटिंग संपलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, आठ-दहा दिवसांपूर्वीचा मार आहे. निर्माता म्हणाला, आमच्या सेटवर काही झालं नाही, घरी न्हाणीघरात घसरला असेल. ताईने वाद घातला नाही. तिने त्याच सिनेमाचं काम मागून घेतलं.

तिचं काम आवाजांचं. असल्या सिनेमात सेटवरचा आवाज फेकूनच द्यायचा असतो. मग बंद खोलीत, पडद्याकडे बघत, ती सगळं नव्याने वाजवायची. ठोशांसाठी ओला टॉवेल, हाडांसाठी गाजरं, पावलांसाठी ती स्वतः. लोक माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात, ताई चाल. जिन्यावरून कोण येतंय, हे ती न बघता सांगायची.

आज तिच्या पायांत रबरचे कॅनव्हासचे बूट होते. दोन नंबर मोठे. पुढे चिंध्यांचे बोळे कोंबलेले.

"त्याचा उजवा पाय बघ."

"मारामारी सोडून पाय कोण बघतं, ताई?"

"मी."

उजवा पाय उचलला जात नव्हता. फरशीवरून घासत येत होता.

एकेचाळिसावं मिनिट

दिग्दर्शक दारातून डोकावला. "ताई, ही फरफट नको हं. लंगड्याकडून मार खाल्ला तर माझ्या हिरोची काय शोभा राहील? पावलं कशी, खणखणीत पाहिजेत."

"पाय घासतोय तो."

"चित्रात घासू दे. कान डोळ्यांना फसवतात, तुम्हीच शिकवलंत ना मला?"

तो गेला. ताई पुन्हा पडद्याकडे वळली. इथे पाय घासत होता, पण कमी.

सत्त्याऐंशीवं मिनिट

शेवटची झुंज. रबर वाऱ्यावर असल्यासारखा नाचत होता. दोन्ही पाय हलके, चवड्यांवर. ताईने न थांबता, एकाच दमात, सगळी पावलं दिली. एकही चुकलं नाही.

"तळघर उशिरा मिळालं," मेहुणा हळूच म्हणाला. "म्हणून शेवट आधी उरकला आणि सुरुवात सगळ्यात शेवटी. सिनेमात तो बरा होत जातो, ताई. प्रत्यक्षात उलटं."

तुकडे, तारखेच्या क्रमाने

मेहुणा म्हणजे दिग्दर्शकाच्या बायकोचा भाऊ. या सिनेमाचा संकलक तोच, कॅमेरावाला तोच, आणि गाडी बंद पडली की ढकलणाराही तोच.

"सगळे तुकडे तारखेने लाव," ताई म्हणाली. "सिनेमात नाहीत तेही."

मेहुण्याने दाराकडे पाहिलं. "मला घरी बहिणीला तोंड दाखवायचंय, ताई."

"मीही बहीणच आहे."

तो उठला, दाराला कडी घालून आला.

पहिला दिवस. दुसरा. चौथा. पाय हलके. पाचवा दिवस, बुधवार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलके. मग सिनेमात न घेतलेला एक तुकडा. रबर उडतो. गादी सरकलेली असते. डोकं लोखंडी खांबावर आदळतं. चार सेकंद तो हलत नाही. मग उठतो, अंगठा दाखवतो. सगळे टाळ्या वाजवतात. या तुकड्यात सेटवरचा आवाज अजून होता.

"एक नंबर, रबर! अजून एक घ्यायचा?" दिग्दर्शकाचा आवाज.

"चला की."

तो जागेवर परत जातो. उजवा पाय घासत.

"बुधवार," ताई म्हणाली. "साठ माणसं होती तिथे. साठ! एकाच्याही लक्षात येऊ नये? कोणी एकाने त्याच दिवशी विचारलं असतं, अरे, तुझ्या पायाला काय झालंय, तर आज तो असता."

मेहुण्याने मान खाली घातली. "कॅमेरा माझ्याच हातात होता, ताई. तो मी त्याच्या चेहऱ्यावर धरला होता."

"दे तो तुकडा मला. आता बघते एकेकाकडे."

त्याने तुकडा पेनड्राइव्हवर उतरवून तिच्या हातात दिला. मग कडी काढता काढता म्हणाला, "मी म्हटलं होतं त्याला, डॉक्टरकडे सोडतो. तर म्हणाला, नको, आज ताईकडे जेवायला जायचंय. तिथेच सोडलं मी त्याला."

ताईने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या होत्या. तिचे हात थांबले.

सिनेमात नाही, तुकड्यांतही नाही

बुधवार, संध्याकाळ. ताई ओट्यापाशी, पाठ दाराकडे. जिन्यावर पावलं. एक उचललेलं, एक घासलेलं. एक उचललेलं, एक घासलेलं. दार ढकललं जातं. ती वळून बघत नाही.

"पाय उचलून चाल रे, आळश्या! दिवसभर लोकांची पावलं ऐकून कान किटलेत माझे."