तळातला व्हॉल्व्ह

कॉम्प्रेसर अकरा मिनिटं चालला आणि बंद पडला. मेकॅनिकने घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. या बोटीच्या केबिनमध्ये वाकून वाकून त्यांची पार वाट लागली होती.

आठवड्यातली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्याने पाण्याच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढलं, दुसऱ्या खेपेला पंपच बदलला. दोन्ही वेळा तो समोर असेपर्यंत एसी गुणी बाळासारखा चालला आणि त्याची पाठ वळली की बंद. आज तर समोरच बंद पडला. बावीस वर्षं बोटींचे एसी दुरुस्त करून आता या डबड्यापुढे हात टेकायची वेळ आली होती.

"आज तरी होईल ना?" या बोटीवर काकांसोबत राहणाऱ्या काकूंनी विचारलं. "पाचला लेक येतेय. इतक्या उकाड्यात बाबांना बोटीवर ठेवू नका म्हणते. मी सांगितलं, एसी चालू आहे आणि मीही आहे. तर म्हणाली, आई, तू खंबीर आहेस म्हणूनच तुम्हाला तिथे राहू देते. नाहीतर दोघांचीही उचलबांगडी!"

काकूंनी तीस वर्षं प्रवासी बोटी चालवल्या होत्या. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. बोटीच्या यंत्रांतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. आणि आता त्यांच्या लक्षात काहीच राहत नाही, हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. केबिनभर काकांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. 'साखर'. 'गॅस बंद केला का?' 'लेकीचा नंबर'.

"यांच्यासाठी," काकू म्हणाल्या. "नाहीतर चहात मीठ घालतील."

काका ओशाळं हसले. मेकॅनिकला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त काकूंची. त्याच्या आईनेही वडिलांचं शेवटी शेवटी असंच सगळं केलं होतं, आणि त्यातच ती खचली होती.

काकूंनी चहा दिला. तो संपतो न संपतो तोच त्यांनी आणखी एक कप आणून ठेवला. "घ्या, आल्यापासून काही घेतलं नाहीत." मोठ्या मनाची बाई, असं मनाशी म्हणत त्याने तोही संपवला.

व्होल्टेज ठीक होतं, गॅस ठीक होता. पंप फिरत होता, पण पाणी बाहेर पडत नव्हतं. बोटीच्या एसीला बाहेरचं पाणी लागतं. ते बुडातून आत येतं, यंत्राची उष्णता घेतं आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. ते थांबलं की कॉम्प्रेसर जळू नये म्हणून आपोआप बंद होतो. जाळी स्वच्छ होती, पंप नवा होता. राहिला ते पाणी आत सोडणारा तळातला व्हॉल्व्ह. तो गेल्या दोन्ही खेपांना उघडा होता, आज आल्या आल्या बघितला तेव्हाही उघडाच. तरी त्याने जिन्याखालची फळी पुन्हा उचलली.

व्हॉल्व्हचा दांडा आडवा होता. घट्ट बंद.

"हा कोणीतरी हाताने बंद केलाय," तो म्हणाला.

काकूंनी सरळ काकांकडे पाहिलं. काकाही क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान खाली घातली.

"मीच केला असेल."

"असेल काय? केलात!" काकू म्हणाल्या. "ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालायचा?"



मेकॅनिकने व्हॉल्व्ह उघडला, दांडा तारेने जखडून टाकला आणि फळी लावली. एसी सुरू झाला. त्याने अर्धा तास तिथेच बसून वाट पाहिली. हवा गार येत राहिली, आणि तो इतका दमला होता की त्या हवेत त्याला डुलकी लागली.

निघताना काकांनी त्याची हत्यारांची पिशवी हट्टाने उचलली आणि धक्क्यापर्यंत पोचवायला आले.

"काका, त्या व्हॉल्व्हला आता हात लावू नका," तो शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "काकूंवर आधीच किती भार आहे."

"हो," काका म्हणाले. "फार दमते ती."

दोघे धक्क्यावर उभे होते. बोटीच्या बाजूने पाण्याची धार पडत होती. ती बघून मेकॅनिकला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मग धार बारीक झाली, थेंबांवर आली आणि थांबली.

त्याने शेजारी पाहिलं. काका तिथेच होते, पिशवी दोन्ही हातांनी धरून. पुढच्याच क्षणी त्यांनी ती खाली टाकली आणि त्या वयात कोणी धावणार नाही असे ते धावले. मेकॅनिकही मागोमाग गेला.

फळी उघडी होती. काकू गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात पक्कड, आजूबाजूला तारेचे तुकडे.

"झालं. चला, निघू या," त्या म्हणाल्या. "हा बंद केल्याशिवाय मी कधी बोट सोडलेली नाही." मग त्यांची नजर मेकॅनिकवर गेली आणि त्या बिथरल्या. "हे कोण? न विचारता आत कसे आले?"

तेवढ्यात धक्क्यावरून लेकीची हाक आली. काकांनी काकूंच्या हातातली पक्कड अलगद काढून घेतली, त्यांना उठवून खुर्चीत बसवलं, केसांवरून हात फिरवला आणि स्वतः फळीपाशी गुडघे टेकले. हे सगळं त्यांनी कोणतंही रोजचं काम उरकावं तसं केलं.

लेक जिना उतरली आणि तिथेच थांबली. "बाबा! काय केलंत हे?"

"माझ्या लक्षातच राहत नाही गं," काका मेकॅनिककडे न बघता म्हणाले. "बरं झालं, तुझी आई आहे."