कुंभारणीचं घर

शस्त्रागारातली दुपार पाण्याखाली असल्यासारखी संथ होती. साहेब वही घेऊन तपासणीला उभे होते. मिस्त्रीने खिडकीजवळच्या रायफलीचं हँडल मागे खेचलं, बोल्ट मागे अडवून धरणारा खटका सुटला आणि ताणलेली स्प्रिंग त्याच्या बोटांवर आली. एरवी आत डोकावायचं, ‘रिकामी’ म्हणायचं, सोडायचं. आज त्याने हँडल तसंच धरून ठेवलं. गोळीच्या जागी ओल्या मातीचं इवलंसं मडकं होतं. कुंभारीण माशी त्याचं तोंड लिंपत होती. “सोडा की,” साहेब म्हणाले. “चिरडेल, साहेब. इथे बाळंतपण चाललंय.” मिस्त्रीची मुलगीही बाळंतपणाला घरी आली होती, त्याचा रजेचा अर्ज साहेबांनी सकाळीच परत केला होता. त्याने दुसरा हातही हँडलला लावला. माशी सावकाश लिंपतच राहिली. साहेब वाकून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी खटका दाबून बोल्ट मागेच अडकवला. “काढा हात. डॉक्टरांनी मुलीला तारीख कधीची दिलीय?”