पातेलं बाहेर ठेवा

“पातेलं आत न्यायचं नाही,” गेटवरची पोरगी म्हणाली.

आल्देओनं ऐकलं, पण ऐकू न आल्यासारखं करून तो पुढं सरकला. पोरीनं हात आडवा घातला. हातात धातू हुडकायचा दांडा. पातेल्याजवळ जाताच दांडा कुईं करून ओरडला.

“मिरेल, अगं ओळखलं नाहीस का?” मागून त्याची बायको बर्नादीन म्हणाली. “बॉम्ब आहे होय गं तो? याच पातेल्यातलं कोंबडीचं कालवण ओरपलंस की हिवाळ्यात. दोनदा मागून घेतलंस.”

“ओळखलं हो काकू. पण धातूचं काही आत सोडायचं नाही. लीगचा नियम आहे. टोरांटोहून आलाय.”

“टोरांटोला काय कळतंय भांड्यातलं.”

मागं रांग पार गाड्या लावायच्या मैदानापर्यंत गेली होती. सगळ्यांच्या अंगात निळ्या जर्सी, घडीच्या रेघासुद्धा अजून मोडलेल्या नाहीत. मंक्टनच्या फुटबॉल टीमची आज पहिली मॅच.

“जरा वर बघ,” बर्नादीननं बोट दाखवलं.

गेटच्या वर घराच्या भिंतीएवढा फोटो टांगलेला. एक म्हातारा, तोंड हे एवढं उघडं, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात डाव उगारलेला. खाली फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत लिहिलेलं, हा आवाज आपला.

“कोण आहे तो?”

मिरेलनं वर बघितलं, मग आल्देओकडं. “काकाच आहेत.”

“आणि हातात काय आहे त्याच्या?”

“काकू, मला कामावरनं काढतील हो.”

तो फोटो शाळेमागच्या चिखलाच्या मैदानातला. तेव्हा मंक्टनला टीमच नव्हती. आल्देओ, बर्नादीन आणि आणखी चार येडे दर शनिवारी मोकळ्या मैदानाच्या कडेला उभे राहून नसलेल्या टीमच्या नावानं भांडी बडवायचे, ऑगस्टच्या सणाला अख्खं गाव रस्त्यावर बडवतं तशीच. लोक गाडीच्या काचा खाली करून हसायचे. आधी टीम आणा, मग बोंबला. आल्देओ म्हणायचा, आधी बोंबललं तरच येते. बर्नादीननं त्याचे व्हिडिओ काढून लीगला पाठवले. नव्या टीमसाठी शहरं हुडकत फिरणारी लीगची माणसं ते बघून म्हणाली, या गावाला आवाज आहे.

टीम येईपर्यंत आल्देओचा आवाज गेला होता. घशातल्या गाठीबरोबर डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आता गळ्याला भोक, त्यावर रुमाल. रुमाल निळा. आजच्यासाठी घेतलेला.

“मग हा ओरडणार कशानं?” बर्नादीननं विचारलं.

क्लबचं जाकीट घातलेला एक माणूस घाईघाईनं आला. चांगला हसतमुख. त्यानं शेवटचं तेवढंच ऐकलं होतं.

“ओरडायला कुठं बंदी आहे साहेब?” तो आल्देओला म्हणाला. “मनसोक्त ओरडा. त्यासाठीच तर जमलोय सगळे.” आणि त्यानं क्लबचा शिक्का मारलेला, घडी घातलेला पुठ्ठा आल्देओच्या हातात दिला. “हा वाजवा. फुकट आहे.”

मिरेल खाली बघायला लागली. बर्नादीननं तोंड उघडलं तसा आल्देओनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. टेबलावर आधीच चार-पाच पातेली पडली होती. त्यातली दोन त्यानं बघितल्याबरोबर ओळखली. त्यानं आपलं पातेलं त्यांच्याशेजारी पालथं घातलं, घासून झाल्यावर घालतात तसं. डाव खाली सारला.

आत जाऊन दोघं बसले. नदीवरनं गार वारं येत होतं. टीम मैदानात आली तसे स्पीकर सुरू झाले.

ठण ठण. ठण.

आल्देओनं मान वर केली. पातेलं त्याचंच होतं. पाठोपाठ एक घोगरा आवाज आला, “मंक्टन, कोण झोपलंय?”

“कोणीच नाही!” अख्खं स्टेडियम ओरडलं.

बर्नादीननं त्याचा गुडघा घट्ट धरला. तिच्याच व्हिडिओतला त्याचा आवाज. मागं वाऱ्याची घरघर होती, तेवढी मात्र कुणीतरी साफ केली होती.

“मंक्टन, कोण झोपलंय?”

आल्देओचं तोंड उघडलं. रुमाल एकदा फडफडला, बास.

शेजारच्या खुर्चीतला पोरगा वाकला. अर्धं तोंड निळं रंगवलेलं. “काका, येत नाही वाटतं? सोपंय एकदम. क्लबनं मोबाईलवर शिकवलंय.” त्यानं आल्देओच्या हातातला पुठ्ठा घेतला, नीट उलगडून परत दिला. “दोनदा पटापट. मग थांबायचं. मग एकदा.”

“अरे ए, तुला माहितीये का हा...” बर्नादीन सुरू झाली. आल्देओनं मान हलवली.

त्यानं पुठ्ठा मांडीवर मारला. दोनदा, आणि लगेच तिसऱ्यांदा. पातेल्याचा नाद विरेपर्यंत तो मध्ये थांबायचा. पुठ्ठ्याला नादच नव्हता.

“नाही काका, मध्ये थांबायचं असतं,” पोरगा समजुतीनं म्हणाला. “परत करा बघू.”

आल्देओनं परत केलं.