पोतीची जागा

कापूस वेचणीच्या दिवसांत घरं ओस पडतात. वाटूरला चोरांनी दोन घरं फोडली आणि साधनानं आपली सोन्याची पोत लपवली. जागा तिनं नवऱ्याला सांगितली नाही, दिराला सांगितली. हे कळल्यापासून अंगदच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सोमेश्वर जेवताना नुसतं "वहिनी, मीठ द्या" म्हणाला, तरी त्याला त्यात काहीतरी खूण दिसायची. त्यानं ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला, कापसाचा ढीग गजानं टोचून पाहिला. पोत काही हाती लागली नाही.

शेवटी त्यानं साधनाला चुलीपाशीच गाठलं.

"माझ्यापेक्षा त्यो जवळचा झाला का गं तुला?"

"काहीबी काय बोलून राह्यले?"

"मंग जागा त्याला ठावं, अन् मला न्हाई?"

साधनानं तव्यावरची भाकर उलटली.

"गेल्या साली माझ्या पाटल्या गेल्या, तवा दाराचं कुलूप शाबूत होतं," ती म्हणाली. "पोत चोराच्या भ्यानं लपवली असती, तर जागा पयली तुमालाच सांगितली असती."