वाळवंटातून, सकाळी आठ वाजता

"...आणि लीना मॅडमची तब्येत उत्तम. ओव्हर."

उत्तम. गजाननने तो शब्द दाताखाली धरला. स्वतःच्या बायकोची तब्येत त्याला रोज सकाळी आठ वाजता दुसऱ्या पुरुषाच्या तोंडून कळत होती. तीही चार लोकांसमोर.

भूजल खात्याच्या चंडीगडच्या कचेरीत वायरलेसची एक खोली होती. जैसलमेरच्या पलीकडे वाळवंटात बोअर घेणारा कॅम्प रोज तिथे बोलायचा. किती मीटर गेलो, डिझेल किती उरलं, कोण आजारी. घरच्या माणसांनी बाकावर बसून ऐकलेलं चालायचं. लीना त्या कॅम्पवर भूवैज्ञानिक होती. मे महिना चालू होता, आणि तिला सहावा. गजानन विमा कंपनीत जाता जाता इथे टेकायचा आणि कॅम्पप्रमुख दिगंबर सोमणांचा आवाज ऐकून दिवसभर जळत राहायचा.

सोमवार. "मॅडमचा तंबू खेजडीच्या झाडाखाली हलवला. वरून दुसरं कापड ताणलं, मध्ये हातभर हवा खेळती ठेवली. ओव्हर."

अख्ख्या वाळवंटात एक झाड, आणि ते हिच्या वाट्याला.

मंगळवार. "काम पहाटे पाच ते नऊ. नंतर मॅडमना उन्हात सोडत नाही. वाळ्याचे पडदे लावलेत, तासातासाला पाणी मारतो. ओव्हर."

सोडत नाही म्हणे! सोडणारा हा कोण टिकोजीराव?

बुधवार. "मीठ-साखरेचं पाणी चालू. मानेवर ओलं फडकं, पाय ओल्या पोत्यावर. टँकर आला की पहिली बादली मॅडमची. ओव्हर."

पाय. सोमणाला तिच्या पायांशी काय करायचंय?

"बड़ा ख़याल रखते हैं जी सोमणसाब," वायरलेसवाला बलबीरसिंग कानावरचा हेडफोन सरकवत म्हणाला. "हमारी घरवाली तो कहती है, मुझे भी वहीं भेज दो."

बाक हसला. गजाननही हसला. जबडा दुखेपर्यंत हसला.

गुरुवार. "संध्याकाळपासून सकाळपर्यंत जीप मॅडमच्या तंबूपाशी. ओव्हर."

त्या दिवशी बाक हसला नाही. बाकावरच्या एकाने पेपर उघडला, पंजाबात अतिरेक्यांनी पुन्हा बस अडवल्याची बातमी होती, आणि सगळे घाईघाईने त्या बातमीवर बोलू लागले.

घरी आल्यावर गजाननने कूलर लावला. नवा कूलर, तिच्यासाठीच घेतलेला. रिकाम्या खाटेवर गार वारा घालत तो घरघरत राहिला. कचेरीतले साहेब तिला म्हणाले होते, या दिवसांत फील्डवर जाऊ नका. तिने उलट अर्ज केला. लेखी! दोन वर्षांपूर्वी एक मूल पाचव्या महिन्यात गेलेलं, तरीही. तेव्हा नागपूरला दोन्ही घरी गजाननने एकच कळवलं होतं: कर्फ्यू होता, कोण काय करणार. लीना त्यावर कधी काही बोलली नाही. आणि आता ही बाई भट्टीत तंबू ठोकून बसली होती, हसत असेल, सोमणाच्या हातचं सरबत पीत असेल.

शुक्रवारी तो बाकावर बसलाच नाही.

"बलबीरजी, लीना को सेट पे बुलाओ. मैं बात करूँगा."

बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्याने बटण दाबलं. सेटवर रोज हिंदी चालायची, तो मराठीत बोलला. खोलीतल्या कुणाला कळणार नव्हतं. तिकडे सोमणाला कळणार होतं. कळू दे.

"लीना, जीप तुझ्या तंबूपाशी का असते? ओव्हर."

खरखर. मग ती.

"अहो, मीच मागून घेतली. टाकी भरलेली, तोंड दवाखान्याच्या रस्त्याकडे. ड्रायव्हर विश्राम जीपमध्येच झोपतो. ओव्हर."

"अगं, इथे दोन सेक्टरांवर एवढं मोठं इस्पितळ आहे! कूलर आहे. मी आहे. उद्याच्या उद्या निघ. ओव्हर."

"नाही. ओव्हर."

"सोमणांसाठी राहतेस? ओव्हर."

तेवढं नाव खोलीला कळलं. बलबीरसिंगची पेन्सिल थांबली. वायरलेसमधून नुसता वारा येत होता, तंबूचं कापड फडफडत होतं.

"मागच्या वेळीही इस्पितळ दोन सेक्टरांवरच होतं. ओव्हर."

"मागच्या वेळी कर्फ्यू होता, लीना! कोण काय करणार होतं? ओव्हर!"

त्याने बटण सोडलं.

ती बोलली. सोमण रोज हवापाणी सांगायचे, तशा सपाट आवाजात.

"त्या दुपारी जवान दारावर आला होता. कुणाला दवाखान्यात न्यायचंय का, गाडी उभी आहे, असं विचारत होता. खोट्या वर्दीत माणसं येतात, हे तेव्हा आपण रोज ऐकायचो. तुम्ही दार उघडलं नाहीत. आतूनच म्हणालात, 'सब ठीक है जी.' अहो, मी शुद्धीत होते. ओव्हर."